एका दोरीत ड्रॅगन आणि कोंबडी

३ फेब्रुवारी, रविवार

दादा,

'तीर्थरूप' लिहायला हात वळत नाही, म्हणून नुसतं दादा. फोनवर तू मला ब्लॉक केलंस ते एका अर्थी बरंच झालं. फोनवर तू मला तिसऱ्या वाक्याला तोडतोस. पत्र तोडता येत नाही. फाडता येतं, पण फाडायच्या आधी तू ते वाचणार, एवढं मी तुला ओळखते.

मी सध्या एका हॉटेलच्या लाँड्रीत कामाला आहे. त्याआधी रोपवाटिकेत होते, त्याआधी होडीच्या तिकिटांच्या खिडकीत. 'भिंगरी कुठे टिकायची नाही' हे तुझं वाक्य मी मनापासून खरं करत आलेय. लाँड्री तळघरात आहे. दिवसाला सातशे चादरी. ड्रायरमधून टॉवेल निघतात ते इतके गरम आणि फुगलेले असतात की त्यांत तोंड खुपसून उभं राहावंसं वाटतं. मी राहते, आणि मुकादम माझ्या नावाने शंख करतो. पण हे तुला कशाला सांगतेय.

आज रविवार, दुपारचे तीन. तुमच्याकडे जेवणाचं टेबल पुसून झालं असेल. वहिनी फासे काढून बसली असेल, दंतवैद्य उशिरा येऊन वर पंख्याखालच्या खुर्चीसाठी भांडत असेल. सहा वर्षं त्या टेबलाचा खिडकीकडचा कोपरा माझा होता. तू गोष्ट सांगायचास, आम्ही तिच्यातली माणसं व्हायचो, आणि काय जमलं, काय फसलं ते वीस बाजूंचा फासा ठरवायचा. नियमांचं छापील पुस्तक जिथे गप्प बसायचं तिथे आपण भांडायचो. भांडून घसा बसला की तू निकाल द्यायचास आणि मी तो निकालवहीत लिहायचे. दोनशे अकरा निकाल, सगळे माझ्या अक्षरात. अर्धे मीच तुझ्या कानात सांगितलेले, हे तुलाही माहीत आहे.

मग तू 'पंच' बनवलास. टॅबलेटमध्ये प्रश्न टाका, निकाल हजर. पुस्तकात सापडलं नाही तर पंच आपल्या वहीत बघतो. ती वही तू माझ्या पिशवीतून मला न विचारता काढलीस, पानांचे फोटो घेतलेस आणि परतही दिली नाहीस. पंच उघडला की पहिल्या पडद्यावर 'रचना आणि नियम' असं येतं आणि खाली तुझं नाव. एकट्याचं.

तेही मी गिळलं. लंगडी मात्र गिळता येत नाही.

सहा वर्षं मी एकच पात्र खेळले. तुझ्याकडे लोक वर्षाला तीन पात्रं मारून घ्यायचे. मी लंगडीला जपून, लपवून, पळवून इथवर आणली होती. त्या दिवशी तुंबलेल्या बोगद्यात तळाची लोखंडी जाळी उचलून धरून ती उभी होती, बाकीचे सगळे खालून निसटावेत म्हणून. डोक्यावरून पाणी गेलं. तिच्याकडे सुटकेचा मंत्र होता. मी म्हटलं, मंत्र म्हणते. तू टॅबलेटला विचारलंस. तो म्हणाला, तोंडात पाणी असताना मंत्र चालत नाही. संपली लंगडी.

मी म्हटलं, "दादा, हा निकाल आपण रद्द केला होता. वहिनीचं पात्र विहिरीत पडलं होतं तेव्हा."

तू म्हणालास, "कुठे लिहिलंय? वहीचं पानन्‌पान पंचमध्ये आहे."

सगळ्यांनी टॅबलेटकडे पाहिलं. वहिनीनेसुद्धा. तिचा जीव त्या दिवशी कसा वाचला होता ते तिला आठवत नव्हतं म्हणे.

रागाने माझ्या तोंडून पुढे शब्द फुटला नाही. उठले आणि निघाले ती अजून घरी आलेली नाही.

मागणी एकच आहे. एखाद्या रविवारी सगळ्यांसमोर म्हण की निकाल चुकला, लंगडी जिवंत आहे. तुझ्या तोंडून हवं, पंचच्या नको. नाही म्हणालास तर मी तुझी अशी फजिती करीन की तुला फासा बघितला तरी घाम फुटेल.

तुझी कागदोपत्री बहीण

१९ फेब्रुवारी, मंगळवार

दादा,

उत्तर नाही. ठीक. तुझ्या गप्प बसण्यातही एक ऐट असते, ती मला इथपर्यंत दिसली.

आज माझी सुट्टी. सुट्टीच्या दिवशी मी इस्त्रीवालीला आपला खेळ शिकवते. इस्त्रीवाली म्हणजे आमच्या तळघराची खरी मालकीण. पन्नाशीची, दंड माझ्या मांडीएवढे, चादरीला रोलरखाली घालते तेव्हा चादर घाबरलेली दिसते. पहिल्या दिवशी मी तिला समजावलं की टेबलाभोवती बसायचं, आपण कोणीतरी दुसरेच आहोत असं धरायचं आणि काय काय करतो ते सांगायचं.

"म्हणजे बसून थापा मारायच्या?"

"हो, पण नियमाने."

"नियमाने तर माझा नवरा पण मारायचा. त्याला कुठं फासा लागत होता."

पण बसली. तिने पात्र घेतलं ते तलवारवाल्या बाईचं, आणि गुहेच्या तोंडाशी पोचल्यावर पहिला प्रश्न विचारला की आतल्या राक्षसांचे कपडे कोण धुतं. मी म्हटलं, कोणीतरी धूत असेल. म्हणाली, मग मागचा दरवाजा असणार, धुणं पुढच्या दाराने कोण नेतं? आणि दादा, खरंच, मागच्या दाराने आत शिरून तिने चार राक्षस झोपेतच कापले. सहा वर्षांत तुझ्या टेबलावर हे कुणाला सुचलं नाही. मलाही नाही. एवढं हसले की खळीच्या बादलीत पाय गेला.

असो. कळलं की एप्रिलच्या मेळाव्यात तू पंचला स्टेजवर आणणार आहेस. पत्रक वाचलं: 'नियम शिकू नका, थेट खेळा.' आयुष्यात फासा हातात न धरलेल्या चौघांना प्रेक्षकांतून बोलावणार, तू गोष्ट सांगणार, नियम पंच बघणार. छान आहे. मुंडावळ्या तेवढ्या बांधायच्या राहिल्यात.

सहा एप्रिलपर्यंत मुदत देते. लंगडीबद्दल जे बोलायचं ते त्याआधी बोल.

भिंगरी

१२ मार्च, मंगळवार

दादा,

हे पत्र आज पेटीत पडणार नाही. लिहून ठेवते, मेळावा झाला की टाकीन. मनात ठेवलं तर कुणाजवळ तरी बोलून बसेन. माझ्या जिभेला हाड नाही हे तूच सांगत आलास.

पहिल्या पत्रात मी एक खोटं लिहिलं. रागाने शब्द फुटला नाही असं लिहिलं, ते खोटं. राग आला होता, पण शब्द तोंडात तयार होते. तू विचारलंस 'कुठे लिहिलंय' आणि मला त्याच क्षणी कळलं की तू वही उलटी करून बघितलीच नाहीस.

सरळ बाजूने निकाल. वही उलटी धरून मागून सुरुवात केली की रद्द झालेले. आठवतंय, सुरुवातीला मी रद्द निकालावर काट मारायचे आणि दंतवैद्य म्हणायचा, काट मारू नको, आपण काय मूर्खपणा केला होता तो वाचता आला पाहिजे? तेव्हापासून. सरळ बाजू जशीच्या तशी राहिली आणि मागे मी लिहीत गेले: पान चौदा मेलं. पान तेवीस मेलं. पण मागची पानं म्हणजे माझीच पानं ना. तू लढाईची लांबलचक वर्णनं करायचास तेव्हा मी तिथे गोगलगायी काढायचे, बसच्या वेळा लिहायचे, दंतवैद्याचं नाक काढायचे. तू बघितलंस, वाटलं भिंगरीचा कचरा, आणि फोटो काढले नाहीस. चौतीस मेलेले निकाल तुझ्या पंचच्या पोटात जिवंत फिरतायत, दादा. लंगडीला त्यांतल्या एकाने, पान चौदाने, मारलं.

मी 'उलटी कर' एवढं म्हटलं असतं तर ती वाचली असती. नाही म्हटलं. तुझा तो चेहरा बघितला आणि ठरवलं, आत्ता नाही, चांगले चारशे लोक बघत असतील तेव्हा.

दुसरी गोष्टही सांगून टाकते. मेळावा ज्या हॉटेलच्या हॉलमध्ये आहे, त्याच हॉटेलच्या तळघरात मी आहे. योगायोगाने नाही. पत्रक मी जानेवारीतच बघितलं होतं आणि नोकरी मागायला दुसऱ्या दिवशी आले होते. रोपवाटिका मला आवडत होती, तरी सोडली.

इस्त्रीवालीचं नाव स्टेजसाठी दिलंय. 'कधी फासा धरलाय का' या रकान्यात तिने बिनदिक्कत 'नाही' लिहिलं. म्हणाली, "थापा नियमाने मारायच्या म्हणालीस ना."

तिला मी पान तेवीस पाठ करून घेतलंय. तुला आठवत नसेल. डोंगरावरून सगळे एका दोरीला बांधून उतरत होतो आणि पडलो. तू कंटाळून निकाल दिलास: एका दोरीने बांधलेले सगळे मिळून एकच जीव. पुढच्याच रविवारी दंतवैद्याने चाळीस सैनिक एका दोरीला बांधून किल्ल्यावरून उड्या मारायला लावल्या, आणि तू तासाभरात तो निकाल मारलास. मागच्या बाजूला, दोन गोगलगायींच्या मधे लिहिलाय.

पंचला दंतवैद्य माहीत नाही.

८ एप्रिल, सोमवार

दादा,

मागचं पत्र सोबत जोडलंय, आधी ते वाच.

परवा मी हॉलच्या मागच्या दाराशी होते, टेबलक्लॉथच्या गाडीला टेकून. तू काळ्या कोटात चांगला दिसत होतास, हे कबूल करते. टेबल, त्यावर टॅबलेट, मागे भिंतीएवढा पडदा, आणि बाजूच्या स्टँडवर निकालवही, देवळातल्या पोथीसारखी उघडून ठेवलेली. 'सहा वर्षांची साधना' म्हणालास. माझं अक्षर तिसऱ्या रांगेतून वाचता येत असेल.

डोंगरावर ड्रॅगन झोपलाय इथपर्यंत तू गोष्ट छान आणलीस. स्टेजवर बोलावलेल्या चौघांतला बसड्रायव्हर घाबरला, दोन कॉलेजच्या मुली कुजबुजत बसल्या. मग इस्त्रीवालीने माइक ओढला.

"गावात कोंबडी मिळेल का?"

तू हसलास. "मिळेल की, काकू."

"दोरी?"

"दोरीही मिळेल. भूक लागलीय का ड्रॅगनआधी?"

लोक हसले. तुला टाळी घेता येते, ते नाकारत नाही.

"झोपलाय ना तो? मग एक टोक त्याच्या शेपटीला बांधते, दुसरं कोंबडीच्या पायाला." फासा टाकला, बारा पडले. तू म्हणालास, जमलं. तेव्हासुद्धा तुला काही आठवलं नाही. मी तुझ्या चेहऱ्याकडेच बघत होते.

"आता त्या तुमच्या पंचाला विचारा, एका दोरीने बांधलेले किती जीव?"

पडद्यावर आलं: एका दोरीने बांधलेले सर्व मिळून एकच जीव धरावा.

"मग मी कोंबडीची मान मुरगाळते," इस्त्रीवाली म्हणाली.

पडद्यावर आलं: ड्रॅगन मृत. अभिनंदन.

आधी कोणाला कळलंच नाही. मग एकाला हसू फुटलं, मग रांगेला, मग सगळ्या हॉलला. कोणीतरी कोंबडीसारखं ओरडलं. बसड्रायव्हर उठून इस्त्रीवालीच्या पाया पडायला गेला. मी गाडीच्या दांड्याला धरून उभी होते आणि माझे पाय खरंच हलके झाले होते. जानेवारीपासून ज्याची वाट बघितली ते नेमकं तसंच घडताना बघायला मिळणं किती जणांच्या नशिबात असतं सांग.

पहिल्या रांगेतून दंतवैद्य ओरडला, "अरे, तो दोरीचा निकाल आपण रद्द केला होता. माझ्यामुळे."

आणि तू माइक जवळ घेतलास. शब्द पाठ आहेत मला. "निकाल मी देत होतो, लिहून घेण्याचं काम माझ्या बहिणीकडे होतं. शिक्षण अर्धवट, लक्ष चार ठिकाणी. तिने रद्द झालेले लिहिलेच नाहीत, त्याला पंच काय करणार?"

बघ, सहा वर्षांत पहिल्यांदा तू लोकांसमोर म्हणालास की वही मी लिहिली.

मी स्टेजवर कधी चढले ते मला आठवत नाही. लाँड्रीचा एप्रन, हात खळीने पांढरे. तू माइक हाताने झाकलास.

"इथे काय करतेस?"

"काम करते."

"वहीला हात लावू नको."

"अक्षर कोणाचं आहे?"

"तमाशा नको, भिंगरी. लोक बघतायत."

बघावेत म्हणूनच तर. वही माझ्या हातात होती. उलटी करून पान चारशे लोकांना दाखवायचं, बास. अर्धवट कोण ते कळलं असतं. गोगलगायींसकट. पण तेव्हाच दिसलं की उलटी केली की तू त्याच पानांचे फोटो घेणार. पंच दोन दिवसांत बरा होणार. माझं नाव धुऊन निघणार आणि तुझं औषधही त्याच बाटलीतून जाणार. मी फार वेळ उभी राहिले, नाही का? तुला वाटलं असेल मी रडणार.

वही बगलेत मारली आणि खाली उतरले. लोकांना अजून वाटतंय की चूक माझी. वाटू दे. वहिनीने दारापर्यंत माझ्यावरची नजर काढली नाही.

मुकादमाने शिक्षा म्हणून मला डागांच्या टेबलावर बसवलंय. वाइनचे डाग, मेंदीचे, लिपस्टिकचे. मला ते काम आवडायला लागलंय, हे त्याला सांगितलेलं नाही.

१४ मे, मंगळवार

दादा,

वहिनीचा फोन लाँड्रीत आला होता. तू तिच्या शेजारी बसून हळूच सांगत होतास आणि ती मोठ्याने म्हणत होती, तेव्हा हे पत्र तुम्हा दोघांना.

ती म्हणाली, पंच बंद ठेवावा लागलाय. लोक प्रश्नांच्या जागी कोंबड्यांची चित्रं टाकतात. चौतीस निकाल कुठले ते आठवून आठवून तुम्ही नऊ शोधलेत आणि त्यांतल्या चारांवर दंतवैद्याशी भांडण झालंय. म्हणाली, "वही घेऊन ये. तो रविवारी सगळ्यांसमोर म्हणायला तयार आहे. निकाल चुकला, लंगडी जिवंत आहे. तुझं नावही घालतो म्हणतोय पडद्यावर. अजून काय हवंय तुला?"

खरंच, मी एवढंच मागितलं होतं. शब्दन्‌शब्द. मी तिला म्हटलं, विचारून सांगते.

"कोणाला विचारतेस?" वहिनी म्हणाली.

आमच्या टेबलावर आता निकाल इस्त्रीवाली देते. मी गोष्ट सांगते, ती निकाल देते, मुकादमही खेळतो, अगदी वाईट खेळतो. त्या दिवशी मी तिच्यापुढे सगळी हकिगत ठेवली, बोगदा, जाळी, पाणी, पान चौदा, तू काय विचारलंस, मी काय बोलले नाही. वाटलं होतं ती म्हणेल, भावाने कबूल केलंय, जिवंत कर, जा घरी.

तिने उशीच्या अभ्र्याची घडी पुरी केली. मग म्हणाली, "भाऊ तुझा माजलेला आहे, ते वेगळं. पण बाई बुडत होती तेव्हा तिला वाचवायचं उत्तर कोणाकडे होतं?"

"माझ्याकडे."

"आणि तू तोंड उघडलं नाहीस."

"नाही."

"मग मेली ती. भावाला नंतर कधीतरी बुडवायचं म्हणून तू तिला आत्ता बुडू दिलीस. आता त्याने म्हटलं काय आणि नाही म्हटलं काय. पुढचं बोल."

मी वाद घातला, दादा. तासभर. तुझ्याशी घालायचे तसा, पुस्तक काढून, वही काढून. ती ऐकत होती आणि घड्या घालत होती. शेवटी मी पुस्तक मिटलं, वहीही मिटली. त्या दिवशी मी लवकर वर गेले. जिन्यात बसले. लंगडीच्या खिशात काय काय होतं ते सगळं आठवत बसले, एकेक वस्तू, कुठल्या रविवारी कुठून चोरलेली. तिचा चाकू मला जत्रेतल्या भांडणात मिळाला होता आणि तू तेव्हा म्हणाला होतास, भिंगरी, आज तू कमाल केलीस.

तर उत्तर लिहून घे. लंगडी मेलेली आहे. तिला जिवंत करायचा तुला अधिकार नाही आणि मलाही राहिलेला नाही, तेव्हा तुझी कबुली तुझ्याजवळ ठेव. तिच्या बदल्यात वही मिळणार नाही. बाकीचे पंचवीस तुझे तू शोध, नाहीतर ज्यांच्याशी भांडून ते ठरवले होते त्यांच्याशी पुन्हा भांड. रविवार लागतील पुष्कळ. तुला माफ केलंय असं समजू नकोस, मी फक्त मागणी मागे घेतेय.

इथे मला चार महिने होत आले, माझ्या मानाने हे म्हातारपणच. मंगळवारच्या खेळासाठी मी एक नवीन दुष्ट उभा केलाय. उंच मनोऱ्यात राहतो, काळा कोट घालतो, बोलायच्या आधी घसा खाकरतो आणि चष्मा पुसतो. नाव नाही ठेवलं. इस्त्रीवालीने आणि मुकादमाने मिळून त्याला आतापर्यंत तीनदा मारलाय. एकदा मनोऱ्यावरून ढकलून, एकदा खळीत बुचकळून वाळत घालून, एकदा मुकादमाच्या हातून, चुकून. आणि दर मंगळवारी खेळ सुरू व्हायच्या आधी सगळे मला एकच सांगतात, त्याला आधी जिवंत कर.

मी करते. त्याच्याशिवाय खेळायला आम्हाला मजा येत नाही.

भिंगरी